कॉफी : काढा कीं फांट?

कॉफीचें भांडें विकत घ्यावयास निघालेल्या गृहस्थाची दुकानांत पाऊल टाकतांच पंचाईत होते. एका फळीवर पोलादी दाक्षिणात्य फिल्टर मांडलेला असतो. त्याच्या शेजारीं आठ कोनांचें अॅल्युमिनमचें इटालियन पात्र. पलीकडे कांचेच्या नळकांड्यांत दट्ट्या बसविलेला 'फ्रेंच प्रेस'. मग चिनी मातीचें शंकूसारखें गाळणें व त्याचे घडीचे कागद. आणि सर्वांच्या वर, किंमत ऐकूनच डोळे पांढरे व्हावेत असें विजेचें यंत्र. दुकानदार प्रत्येकाची सारख्याच उत्साहानें स्तुति करतो, आणि गृहस्थ बहुधा दिसावयास सुबक असेल तें घेऊन घरीं येतो. वस्तुतः हीं सारीं भांडीं एकाच कुळांतलीं आहेत. प्रत्येकाचा जन्म आधींच्या कोणत्या तरी भांड्याच्या दोषापायीं झाला, आणि एक दोष घालवितांना प्रत्येकानें बहुधा दुसरा पदरीं घेतला. हा कुळवृत्तांत ठाऊक असला तर निवड पुष्कळ सोपी होते.

या कुळांतला मूळ कलह समजण्यास आयुर्वेदाची परिभाषा फार सोयीची आहे. वनस्पतीचा गुण पाण्यांत उतरविण्याच्या ज्या रीति वैद्यकानें सांगितल्या आहेत, त्यांत क्वाथ, फांट व हिम या तीन येतात. क्वाथ म्हणजे काढा. द्रव्य पाण्यांत घालून तें आटेपर्यंत उकळावयाचें. फांट म्हणजे चूर्णावर कढत पाणी घालून, थोडा वेळ मुरूं देऊन गाळून घ्यावयाचें. हिम म्हणजे थंड पाण्यांत रात्रभर भिजत ठेवावयाचें. कठीण मुळ्या आणि साली यांचा काढा, व ज्यांचा सुगंध उडून जाण्यासारखा आहे अशा नाजूक द्रव्यांचा फांट किंवा हिम, असा सर्वसाधारण संकेत आहे. कॉफीच्या बाबतींत घोटाळा होतो तो येथेंच. तिचें कच्चें बीं दगडासारखें कठीण आणि जवळजवळ निर्गंध असतें. तें पाहून कोणीहि काढाच करील. परंतु तेंच बीं भाजलें कीं ठिसूळ होतें, आणि त्याची सारी किंमत उडून जाणाऱ्या सुगंधांत येऊन बसते. तेव्हां कॉफीचा काढा करावयाचा कीं फांट, हा तो कलह. तो सुमारें दोनशें वर्षें चालला, आणि आश्चर्य असें कीं त्याचा योग्य निकाल अगदीं आरंभींच लागला असतांहि तो घरोघर पोंचावयास शतकाहून अधिक काळ गेला.

कॉफीच्या पेयाचा पहिला भरंवशाचा उल्लेख पंधराव्या शतकांतील येमेनमधला आहे. रात्रीच्या भजनांत झोंप येऊं नये म्हणून तेथील सूफी साधक ती पीत. १५११ सालीं मक्केंत तिच्यावर बंदी घालण्याचा प्रयत्न झाला. तो टिकला नाहीं, आणि त्या शतकाच्या मध्यास इस्तंबूलमध्यें कॉफीगृहें उघडलीं. तुर्कांचें भांडें तांब्याचें अगर पितळेचें, बुडाशीं रुंद, गळ्याशीं निमुळतें आणि लांब दांड्याचें. त्यांत पिठीसारखी बारीक पूड, पाणी व हवी असल्यास साखर घालून तें मंद विस्तवावर ठेवावयाचें. या रीतीला काढा म्हणण्याचा प्रघात आहे, परंतु जाणता तुर्क कॉफी खळखळ उकळूं देत नाहीं. फेंस गळ्याशीं चढला कीं तो भांडें उचलतो. गाळण्याचा प्रश्न त्यानें भांड्यावर न टाकतां पिणाऱ्यावर टाकला आहे. गाळ पेल्याच्या तळाशीं बसेपर्यंत थांबावयाचें आणि शेवटचा घोट सोडून द्यावयाचा. युनेस्कोनें २०१३ सालीं मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादींत या परंपरेचा समावेश केला. आणि ज्याच्या घरीं बारीक दळणारी पितळी चक्की व दहा मिनिटांची सवड आहे त्याला आजहि याहून स्वस्त साधन मिळावयाचें नाहीं.

युरोपानें तुर्कांकडून उकळणें घेतलें, परंतु थांबणें घेतलें नाहीं. लंडनमध्यें पास्का रोझे यानें १६५२ सालीं कॉफीचें दुकान थाटलें, आणि पुढील दीडशें वर्षें इंग्रज, फ्रेंच व जर्मन घरांतून जाडसर पूड मोठ्या भांड्यांत बराच वेळ उकळली गेली. निवालेली कॉफी पुन्हां तापवून वाढण्यांतहि कोणास कांहीं वाटत नसे. गाळ बसविण्यासाठीं मग नाना उपाय निघाले. माशाच्या वाताशयापासून काढलेला सरस कॉफींत टाकीत. कोठें अंड्याचा पांढरा बलक घालीत. अंड्याची ही युक्ति स्कँडिनेव्हियांतून गेलेल्या लोकांनीं अमेरिकेंतहि दीर्घकाळ चालविली. फ्रान्समध्यें अठराव्या शतकाच्या आरंभीं पूड फडक्याच्या पिशवींत बांधून कढत पाण्यांत सोडण्याची चाल पडली, ती मात्र निराळ्या दिशेची होती. गाळ नंतर काढण्यापेक्षां तो मुळांत मिसळूंच द्यावयाचा नाहीं, ही कल्पना तिच्यांत होती.

ही कल्पना पूर्णत्वास गेली ती पॅरिसमध्यें, १८०० च्या सुमारास. तेथें जें भांडें प्रचारांत आलें त्याला आर्चबिशप द बेलॉय यांचें नांव मिळालें. एकावर एक ठेवलेलीं दोन पात्रें. वरच्याच्या बुडाला बारीक भोकें. त्यांत पूड दाबून बसवावयाची आणि तिच्यावर कढत पाणी ओतावयाचें. अर्क थेंब थेंब खालच्या पात्रांत उतरतो व पूड वरच राहते. विस्तवाचा आणि पुडीचा संबंधच तुटला. फ्रेंच खाद्यरसिक ब्रिया-साव्हारँ यानें १८२५ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत, अनेक पद्धती करून पाहिल्यानंतर हीच उत्तम ठरविल्याचें नमूद केलें आहे.

परंतु रसिकाच्या पसंतीपेक्षां अधिक मोलाचें काम त्यापूर्वींच एका शास्त्रज्ञानें केलें होतें. काउंट रम्फर्ड या नांवानें ओळखला जाणारा बेंजामिन टॉमसन हा १७५३ सालीं मॅसॅच्युसेट्समध्यें जन्मला. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धांत तो इंग्रजांच्या बाजूनें राहिला, मग बव्हेरियाच्या राज्यकर्त्याच्या नोकरींत शिरला, आणि तोफांच्या नळ्या कोरतांना निघणाऱ्या उष्णतेवरून, उष्णता हा पदार्थ नसून गति आहे, असा सिद्धांत त्यानें १७९८ सालीं मांडला. चुलींतून धूर घरांत कां येतो, गरिबांना स्वस्त व पोषक सार कसें करून घालावें, अशा प्रश्नांवरहि त्यानें तितक्याच गंभीरपणें डोकें चालविलें. मोठ्या बुद्धीला स्वयंपाकघर लहान वाटत नाहीं याचें हा मनुष्य उत्तम उदाहरण होय. मृत्यूच्या दोन वर्षें आधीं, १८१२ सालीं, त्यानें कॉफीचे गुण व ती उत्तम रीतीनें करण्याची कला यांवर एक स्वतंत्र निबंध लिहिला.

रम्फर्डचें म्हणणें थोडक्यांत असें. कॉफींतील सर्वोत्तम भाग अत्यंत उडून जाणारा आहे. पाणी उकळतांना जी खळबळ होते तिच्यामुळें तो वाफेबरोबर निघून जातो. म्हणून घरभर कॉफीचा वास दरवळूं लागला तर गृहिणीनें आनंद मानण्याचें कारण नाहीं, कारण जें नाकाला मिळालें तें पेल्यांतून वजा झालें. याकरितां पूड उकळूं द्यावयाची नाहीं. मात्र पाणी पुडींतून उतरतांना थंडहि होतां कामा नये. हें साधण्यासाठीं त्यानें कॉफीपात्राभोंवतीं उकळत्या पाण्याचें आवरण असलेलें दुहेरी भांडें योजिलें. पुडीचा थर किती जाड असावा, तो सपाट करून कसा दाबावा, पाण्याची धार त्यांत खड्डा पाडणार नाहीं अशी कशी सोडावी, याचाहि त्यानें बारकाईनें विचार केला. त्यानंतरच्या दोनशें वर्षांत या विवेचनांत फारशी दुरुस्ती करावी लागली नाहीं. ९२ ते ९६ अंश सेंटिग्रेड उष्णतेचें पाणी कॉफीला मानवतें, असें आधुनिक मापन सांगतें. मुंबईंत पाणी १०० अंशांवर उकळतें. पुण्याच्या उंचीवर तें ९८ च्या आसपासच उकळतें. तेव्हां उकळी थांबल्यावर अर्धा मिनिट वाट पाहिली कीं उष्णतामापकावांचून काम भागतें.

निकाल तर लागला. परंतु एकोणिसावें शतक वाफेचें शतक होतें, आणि जें उसळत नाहीं, फुसफुसत नाहीं, तें प्रगत आहे असें त्या शतकास वाटेना. १८१९ सालीं पॅरिसच्याच लॉरां नांवाच्या कारागिरानें असें भांडें केलें कीं, त्यांत तळाचें पाणी उकळून एका नळींतून आपोआप वर चढे व पुडीवर पडे. पर्कोलेटरचा उगम तो हा. पुढें अमेरिकेंत जेम्स नेसन यानें १८६५ सालीं व इलिनॉयच्या हॅन्सन गुडरिच यानें १८८९ सालीं अशा भांड्यांचीं पेटंटें घेतलीं, आणि चुलीवरचा पर्कोलेटर अमेरिकन घराचें जणूं दैवत झाला. त्याची रचना पाहिली म्हणजे रम्फर्डच्या प्रत्येक वाक्याला जाणूनबुजून विरोध केला आहे असें वाटावें. तळाचें पाणी उकळतें, नळीनें चढतें, जाळीच्या डब्यांतील पुडीवरून खालीं येतें, पुन्हां उकळतें, पुन्हां चढतें. पहिल्या फेरीनंतर वर जातें तें पाणी नव्हेच, तयार कॉफी. तीच उकळत राहते आणि चोथ्यांतून उरलासुरला कडवटपणा ओरबाडून आणते.

इतकें असूनहि तो लोकप्रिय कां झाला? एक तर तो ठेवून दुसऱ्या कामाला जातां येई. दुसरें, झाकणावरील कांचेच्या बोंडांतून रंग गडद होत चाललेला दिसे, आणि रंग म्हणजेच कस असा भोळा समज सर्वत्र आहे. थोड्या पुडींत काळी कॉफी निघे हा काटकसरी घराला मोठाच मोह. शिवाय सकाळीं घरभर सुवास सुटे. रम्फर्डनें ज्याला तोटा म्हटलें तोच येथें गुण ठरला. १९२० नंतरच्या चारपांच वर्षांत मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यापीठांतील सॅम्युएल प्रेस्कॉट यांनीं कॉफीव्यापाऱ्यांच्या खर्चानें प्रयोग केले, आणि पाणी उकळीच्या खालीं असावें, कॉफी उकळूं नये, भांडें कांचेचें अगर चिनी मातीचें बरें, असा निर्वाळा दिला. व्यापाऱ्यांनीं तो छापला. घरांतले पर्कोलेटर तसेच गुरगुरत राहिले. ते मागें हटले ते १९७२ सालीं 'मिस्टर कॉफी' हें विजेचें ठिबकयंत्र बाजारांत आल्यावर. तसलें यंत्र जर्मनींत १९५४ सालींच निघालें होतें. चूक सिद्ध झाल्यावरहि ती आणखी पन्नास वर्षें रोज सकाळीं केली गेली, आणि ती करणारी मंडळी अडाणी नव्हती.

त्याच काळांत दुसरी एक शाखा फुटली. तिचें ध्येय अधिक उमदें होतें, पण प्रकृति नाजूक. १८३० ते १८४५ च्या दरम्यान बर्लिन, लियाँ व ग्लासगो अशा दूरदूरच्या गांवीं कांचेच्या दोन गोलांचें निर्वातपात्र तयार झालें. खालच्या गोलांतील पाणी तापलें कीं वाफेच्या दाबानें तें वरच्या गोलांत, पुडींत, चढतें. दिवा काढला कीं खालीं निर्वात होऊन कॉफी गाळण्यांतून खेंचली जाते. लियाँच्या मादाम व्हासिय यांच्या १८४२ च्या पेटंटामुळें ही तऱ्हा विशेष प्रसिद्धीस आली, आणि स्कॉटलंडचे जहाजयंत्रांचे निर्माते रॉबर्ट नेपियर यांनींहि स्वतःची एक तऱ्हा योजिली. कॉफी उत्तम होई. पण त्या काळची कांच उष्णतेला दाद देत नसे आणि कधीं कधीं पाहुण्यांदेखत गोल फुटे. १९१५ सालीं उष्णता सोसणारी पायरेक्स कांच बाजारांत आल्यावर ही भीति गेली. जपानी कॉफीगृहांनीं ही पद्धत विशेष निष्ठेनें जोपासली आहे. घरीं रोज सकाळीं ती वापरणाऱ्याची चिकाटी मात्र वाखाणावी लागेल, कारण धुतांना दोन गोल, नळी आणि फडकें यांची निगा स्वतःलाच राखावी लागते.

हा सारा यंत्रांचा पसारा एका जर्मन गृहिणीनें टीपकागदाच्या तुकड्यानें निकालांत काढला. मेलिटा बेंट्झ ही १८७३ सालीं ड्रेस्डेन येथें जन्मली. नवरा, मुलें, बेताचें घर. घरच्या कॉफींत गाळ येई, ती कडू होई, आणि फडक्याचें गाळणें धुवून स्वच्छ ठेवणें हा रोजचा ताप होता. ओलें फडकें वाळलें तरी त्याला जुन्या तेलाचा खवट वास राहतोच, हें ज्या घरांत फडकें वापरतात तेथें सांगावयास नको. तिनें एका पितळी भांड्याच्या बुडाला खिळ्यानें भोकें पाडलीं, मुलाच्या शाळेच्या वहींतला टीपकागद कापून त्यावर बसविला, पूड घातली आणि वरून कढत पाणी ओतलें. कॉफी स्वच्छ उतरली. गाळ आणि कागद एकदमच टाकून देतां आला. द बेलॉयच्या भांड्यांत आणि या भांड्यांत फरक तेवढ्या कागदाचा. परंतु भोकें मोठीं ठेवलीं तर गाळ येतो आणि बारीक ठेवलीं तर तीं बुजतात, ही शंभर वर्षांची अडचण त्या कागदानें सोडविली.

जून १९०८ मध्यें बर्लिनच्या पेटंट कचेरींत या युक्तीची नोंद झाली आणि त्याच वर्षींच्या डिसेंबरांत ७३ फेनिग भांडवलावर तिच्या नांवानें व्यवसाय नोंदविला गेला. कारखाना म्हणजे राहत्या घरांतली खोली. नवरा ह्यूगो आणि मुलें मदतनीस. १९०९ च्या लाइपझिगच्या जत्रेंत बाराशें गाळणीं खपलीं. पुढें पहिल्या महायुद्धांत धातु, कागद आणि कॉफी या तिन्ही वस्तु एकदमच दुर्मीळ झाल्या, म्हणजे धंद्याचे तिन्ही पाय गेले. तरी तो तगला. १९२९ सालीं कारखाना मिंडेन येथें हलला, आणि पुढच्या दशकांत गोल बुडाच्या गाळण्याला आज सर्वत्र दिसणारा निमुळता आकार व त्यांत नेमकी बसणारी कागदी पिशवी मिळाली. बाई १९५० सालीं वारल्या. पेटर श्लुमबोम या जर्मन रसायनज्ञानें १९४१ सालीं अमेरिकेंत काढलेलें 'केमेक्स' हें मध्यें बारीक कंबरेचें कांचपात्र, हा याच कागदी वंशाचा देखणा वारस. प्रयोगशाळेंतला चंबू आणि नरसाळें त्यांत एकजीव केलेलीं आहेत.

इटालियन शाखेची गोष्ट निराळी. नेपल्समध्यें जें उलटावयाचें भांडें घरोघर होतें, त्याची मूळ युक्ति मोरीझ नांवाच्या पॅरिसच्या कारागिराची, तीहि १८१९ चीच. पाणी उकळलें कीं विस्तवावरून काढून भांडें उलटें करावयाचें, म्हणजे पाणी आपल्या वजनानें पुडींतून उतरतें. हा शुद्ध फांट. एदुआर्दो दे फिलिप्पो यांच्या १९४६ सालच्या एका नाटकांत नायक सज्जांत बसून समोरच्या घरांतील प्राध्यापकाला ही कॉफी करण्याची रीत समजावून सांगतो, आणि वास निघून जाऊं नये म्हणून तोटीवर कागदाची टोपी बसवितो. रम्फर्डचा निबंध वाचल्यावांचून नेपल्सकरांना त्यांतलें मर्म ठाऊक होतें असें म्हणावयास हरकत नाहीं.

या निवांत भांड्याला मागें टाकलें तें 'मोका'नें. अल्फोन्सो बियालेत्ती यानें उत्तर इटलींतील आपल्या अॅल्युमिनमच्या कारखान्यांत १९३३ सालीं तें काढलें. आपल्याकडील बंबाशीं ओळख असलेल्यांना त्याची कृति चटकन् समजेल. खालीं बंद पात्रांत पाणी; त्यांतील वाफेचा दाब वाढला कीं पाणी मधल्या चाळणींतील पुडींतून वर रेटलें जाऊन वरच्या पात्रांत येतें. पर्कोलेटरसारखी येथें फिरती रहाटी नाहीं. पाणी एकदांच जातें, हा त्याचा मोठा गुण. दाब मात्र वातावरणाच्या दाबाहून थोडासाच अधिक. तेव्हां कॉफीगृहांतल्या नऊपट दाबाच्या 'एस्प्रेसो'ची बरोबरी तें करूं शकत नाहीं, जाहिराती कांहींहि म्हणोत. युद्धानंतर अल्फोन्सोचा मुलगा रेनातो यानें मिशाळ ठेंगू माणसाचें चित्र लावून तें देशभर नेलें. २०१६ सालीं तो वारला तेव्हां त्याच्या अस्थि मोकाच्याच आकाराच्या पात्रांत ठेवण्यांत आल्या. हें भांडें घेणाऱ्यानें तीन गोष्टी पाळाव्या. पाणी झडपेच्या खालींच ठेवावें, पूड ठेचून भरूं नये, आणि गुरगुर ऐकूं येतांच तें खालीं उतरवावें. शेवटीं जी नुसती वाफ पुडींतून जाते तीच कॉफी करपट करते.

दट्ट्याच्या भांड्याविषयीं फार बोलावयास नको. नांव फ्रेंच आहे, आणि त्याचें एक पेटंट १८५२ चें पॅरिसमधलेंच आहे. परंतु दट्ट्या भांड्यांत घट्ट बसवून तें उपयोगी केलें १९२९ सालीं मिलानच्या इटालियनांनीं. जाडसर पूड, कढत पाणी, चार मिनिटें, मग दट्ट्या दाबावयाचा. कृति सोपी आणि कॉफी भरघोस. तळाशीं थोडा गाळ राहतो एवढेंच.

या 'एवढेंच'विषयीं वैद्यकानें अलीकडे कांहीं सांगितलें आहे, आणि तें निवडींत धरण्यासारखें आहे. नॉर्वेच्या उत्तरेस ट्रॉम्सो येथें झालेल्या पाहणींत, अधिक कॉफी पिणाऱ्यांच्या रक्तांत कोलेस्टेरॉल अधिक असल्याचें १९८३ सालीं प्रसिद्ध झालें. इतर देशांत तसें स्पष्ट दिसेना. पुढें उलगडा झाला तो असा कीं, त्या भागांत कॉफी उकळून, न गाळतां पीत. कॉफीच्या तेलांत काफेस्टॉल नांवाचें एक द्रव्य असतें. तें कोलेस्टेरॉल वाढवितें, आणि कागद त्याचा बहुतेक भाग अडवून धरतो. धातूची जाळी तें अडवीत नाहीं. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या, पांच लाखांहून अधिक नॉर्वेजियनांच्या सुमारें वीस वर्षांच्या अभ्यासांतहि गाळलेल्या कॉफीची बाजू सरस ठरली. असल्या पाहणीवरून कार्यकारणभाव निर्विवाद सिद्ध होत नाहीं. तथापि ज्याला वैद्यानें तूप जपून खावयास सांगितलें आहे आणि जो दिवसांतून चारपांच पेले कोरी कॉफी पितो, त्यानें दट्ट्यापेक्षां कागद पत्करावा हें उघड आहे. चवीच्या हट्टापायीं वहींतून फाडलेल्या टीपकागदानें हृदयाचीहि राखण केली, हें मेलिटाबाईंना कधींच कळलें नाहीं.

हिंदुस्थानांत कॉफीचें रोप बाबा बुदन या फकिरानें येमेनमधून सात बिया लपवून आणून चिकमगळूरच्या डोंगरांत लावल्याची कथा सांगतात. पेय म्हणून ती दक्षिणेंतल्या घरांत रुळली ती मात्र पुष्कळ उशिरां, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून. आणि तिच्याबरोबर रुळला तो दोन मजली पितळी फिल्टर. वरच्या पात्राला भोकें, पुडीवर दाबावयाची दांडीची चकती, खालीं अर्क सांठविण्याचें पात्र. द बेलॉयची रचना आणि रम्फर्डची चकती एका भांड्यांत आलेली येथें दिसतात. पितळेला कल्हई लागे. पोलाद आलें आणि तो त्रास संपला. पुडींत मिसळलेल्या चिकोरीमुळें अर्क दाट व गडद होतो आणि सावकाश उतरतो, म्हणून तो रात्रीं लावून ठेवावयाचा. गंमत अशी कीं, या अर्काला दक्षिणेंत 'डिकॉक्शन' म्हणतात. त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ काढा. आणि वस्तु आहे ती मात्र अस्सल फांट.

महाराष्ट्राला हें भांडें अपरिचित नाहीं. माटुंग्याच्या दाक्षिणात्य वस्तीनें तें मुंबईकरांच्या ओळखीचें केलें, आणि कॉफीचा प्रसार व्हावा म्हणून कॉफी सेस कमिटीनें पहिलें 'इंडिया कॉफी हाउस' उघडलें तेंहि मुंबईंतच, चर्चगेटला, १९३६ सालीं. दूध घालून पिणाऱ्या घराला आजहि याहून योग्य साधन नाहीं, कारण दुधाखालीं न दबणारा दाट अर्क विस्तवावांचून फक्त यांतूनच निघतो. कोरी कॉफी पिणाऱ्यानें शंकू व कागद घ्यावा. चुलीपाशीं उभें राहण्याची तयारी असेल त्यानें मोका. आणि यांपैकीं कांहींहि घेण्यापूर्वीं हातचक्कीला पैसे ठेवावे. महिन्यापूर्वीं दळलेल्या पुडीला कोणतेंच भांडें तारूं शकत नाहीं.

मराठी घरांतली परंपरागत कॉफी मात्र या सर्वांहून वेगळ्या वाटेनें गेली. चहाच्याच पातेल्यांत पाणी, दूध, साखर व पूड एकत्र उकळावयाची आणि चहाच्याच गाळण्यानें गाळावयाची. हा काढा, आणि तोहि तुर्काच्या काढ्याहून कडक. उकळींत कॉफीचा जो सुगंध जातो त्याची भरपाई जायफळानें करतात, आणि पाहुण्यांना तीच आवडते. तें जायफळ मात्र जाणती गृहिणी उकळींत टाकीत नाहीं. पातेलें खालीं उतरविल्यावर ती तें वरून किसून घालते आणि वास जाऊं नये म्हणून लगेच झांकण ठेवते.